एक की दोन?

लेकीचं पहिलं बाळंतपण! त्यासाठी २०२४ साली गणपती पोचवले आणि मी नि आमचे हे अमेरिकेला गेलो. गाव लिंकन, राज्य नेब्रास्का. न्यूयॉर्क नाही, शिकागो नाही. देशाच्या अगदी मधोमध, जिकडे पाहावं तिकडे मक्याची शेतं. बॅगेत डिंकाचे लाडू होते, अळीव होते, बाळंतशेपा होती, जुन्या धोतराची मऊ दुपटी होती. तयारी कशी जय्यत! फक्त तिथं गेल्यावर आपल्याला फुटबॉल शिकावा लागेल, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

झालं असं, की ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मी जावईबापूंबरोबर दुकानात गेले. पाहते तो काय, जो तो लाल कपड्यांत! पैसे घेणारी मुलगी लाल, काठी टेकत आलेले आजोबा लाल, बाबागाडीतलं तान्हं बाळसुद्धा लाल.

“आज कसला सण आहे का हो?” मी विचारलं.

“सणच म्हणायचा, आई. आज मॅच आहे.”

मॅच म्हणजे तिथल्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाची. या राज्यात मोठा व्यावसायिक संघ नाही, त्यामुळे सगळ्या राज्याचा जीव या कॉलेजच्या पोरांवर. संघाचं नाव कॉर्नहस्कर्स, म्हणजे मक्याची कणसं सोलणारे. १९६२ च्या नोव्हेंबरपासून कित्येक दशकं त्यांच्या घरच्या मैदानाची तिकिटं एकूण एक खपत आलेली आहेत. मॅचच्या दिवशी त्या स्टेडियममध्ये इतकी माणसं जमतात, की ओमाहा आणि लिंकन ही दोन शहरं सोडली, तर राज्यातलं तिसरं मोठं गाव तेच!

दुपारी शेजारच्या आजीबाई आल्या. वय पंचाहत्तरीच्या पुढचं, अंगात अर्थात लाल स्वेटर. हातात एक झाकलेलं भांडं. त्यात राजम्याचं तिखट कालवण (आम्ही शाकाहारी म्हणून मुद्दाम बिनमांसाचं केलेलं) आणि सोबत दालचिनीचे गोड, साखरेचा लेप दिलेले रोल. हे दोन्ही एकत्र खायचं! तिथल्या शाळांतून मुलांना ही जोडी वाढण्याची जुनी रीत आहे. लेक नाक मुरडत म्हणाली, “हे कसलं गं कॉम्बिनेशन!” मी म्हटलं, पुरणपोळीबरोबर कटाची आमटी ओरपणाऱ्यांनी तरी हे बोलू नये. आजीबाईंना हे भाषांतर करून सांगितल्यावर त्या खूश झाल्या आणि मॅच बघायला आमच्याकडेच बसल्या.

मॅच संपल्यावर आमच्या ह्यांनी आपला नेहमीचा खोचक प्रश्न टाकला. “एवढं कौतुक चाललंय, पण हे लोक कधी काही मोठं जिंकलेत का?”

“पाचदा देशात पहिले आलो,” आजीबाई म्हणाल्या. “पण तुम्हाला मी सांगणार आहे ती हरलेली मॅच.”

आणि मग पुढचे दोन तास त्या बोलत होत्या. जावईबापूंनी त्या मॅचची जुनी चित्रफीत कॉम्प्युटरवर लावून दिली. मांडीवर झोपलेली नात घेऊन मी ती पाहिली. मैत्रिणींनो, क्रिकेट लागलं की स्वयंपाकघरात जाणारी मी, पण शेवटच्या पाच मिनिटांत नातीला जागं करीन की काय अशी माझी अवस्था झाली होती.

आधी खेळ थोडासा समजून घेऊ या, म्हणजे पुढची गंमत कळेल. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू नारळासारखा लांबट, तो हातात घेऊन पळायचं किंवा पुढच्या गड्याकडे फेकायचा. अकरा इकडे, अकरा तिकडे. डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर उशा. ज्याच्याकडे चेंडू त्याला बाकीच्यांनी आडवं करायचं, अगदी आपल्या हुतूतूसारखं. दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. त्यात जमलं नाही तर चेंडू दुसऱ्या संघाला. चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपलीकडे पोचलात की टचडाऊन, सहा गुण. आणि टचडाऊन झाला की वरची दक्षिणा असते. तिथं तुम्हाला निवड करायला मिळते. चेंडू लाथेने दोन खांबांमधून उडवला तर एक गुण. हे सोपं, बहुतेक जमतंच. किंवा पुन्हा एकदा, फक्त तीन यार्डांवरून, चेंडू रेषेपलीकडे नेऊन दाखवा. मग दोन गुण. हे कठीण, जमलं तर जमलं.

एक की दोन? सगळी गोष्ट या प्रश्नाची आहे.

संघाचे प्रशिक्षक होते टॉम ऑस्बोर्न. माणूस याच राज्यातला, हेस्टिंग्ज गावचा. शैक्षणिक मानसशास्त्रातला डॉक्टर. उंच, शांत, धार्मिक वृत्तीचा, तोंडातून कधी अपशब्द नाही. १९७३ मध्ये त्यांच्याकडे संघ आला तेव्हा आधीच्या प्रशिक्षकांनी, बॉब डेव्हनींनी, १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षं संघाला देशात पहिलं आणून ठेवलं होतं. आता सांगा, पहिल्या सुनेनं दोन दिवाळ्या गाजवल्यावर दुसरी आली तर तिचं काय होतं? ऑस्बोर्नचं तेच झालं. दर वर्षी नऊ-नऊ, दहा-दहा सामने जिंकायचे, पण लोक म्हणायचे, “पहिला नंबर कुठाय?” १९८१ च्या मोसमात अगदी दारापर्यंत गेले आणि अखेरच्या सामन्यात क्लेम्सनकडून २२-१५ असे हरले. १९८२ मध्ये पेन स्टेटकडून शेवटच्या क्षणी २७-२४ अशी एकच हार, आणि त्याच पेन स्टेटला अजिंक्यपद. दहा वर्षं झाली, पण घोडं गंगेत न्हायलं नाही ते नाहीच.

मग आलं १९८३ साल.

त्या वर्षीच्या संघातली तीन पोरं म्हणजे नुसती आग होती. चेंडू कुणाला द्यायचा ते ठरवणारा टर्नर गिल, टेक्सासचा. चेंडू घेऊन पळणारा माइक रोझियर आणि फेकलेला चेंडू झेलणारा आयर्व्हिंग फ्रायर, दोघे न्यू जर्सीचे. रोझियरनं त्या मोसमात २,१४८ यार्ड पळून दाखवलं आणि कॉलेज फुटबॉलमधला सर्वांत मोठा मान, हाइझमन ट्रॉफी, मिळवली. आणि या तिघांसाठी वाट मोकळी करणारा धिप्पाड डीन स्टाइनकुलर, नेब्रास्कातल्याच बर नावाच्या चिमुकल्या खेड्यात वाढलेला.

ऑगस्टच्या अखेरीस पहिलीच गाठ गतविजेत्या पेन स्टेटशी. ४४-६! आदल्या वर्षीचं व्याजासकट फेडलं. मग मिनेसोटाला ८४-१३. कोलोरॅडोविरुद्ध तर एकट्या तिसऱ्या पावकात ४८ गुण. खरं सांगायचं तर हे आकडे ऐकताना मला त्या समोरच्या पोरांचीच दया आली. त्यांनाही आया असतील की! ओक्लाहोमा स्टेटनं मात्र १४-१० पर्यंत घाम काढला, आणि शेवटी जुना वैरी ओक्लाहोमा, तिथंही २८-२१ अशी सुटका झाली. बारा सामने, बारा विजय, ६२४ गुण. सरासरी काढा, बरोबर बावन्न येते.

आता एक विचित्र गोष्ट ऐका. त्या काळी कॉलेज फुटबॉलमध्ये अजिंक्यपदाचा सामनाच नव्हता. मोसम संपला की चांगल्या संघांना नववर्षाच्या सुमारास ठिकठिकाणच्या मोठ्या सामन्यांचं निमंत्रण यायचं, आणि ते आटोपले की वार्ताहर आणि प्रशिक्षक मतं देऊन ठरवायचे, देशात पहिला कोण. म्हणजे नुसतं जिंकून भागत नाही, लोकांच्या मनातही भरावं लागतं. (बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.)

नेब्रास्काला निमंत्रण आलं मायामीच्या ऑरेंज बोलचं. तारीख २ जानेवारी १९८४. समोर पाचव्या क्रमांकावरचा मायामी विद्यापीठाचा संघ, आणि मैदान त्यांचं घरचंच. त्यांचे प्रशिक्षक हॉवर्ड श्नेलेनबर्गर, आणि चेंडू फेकणारा बर्नी कोसार, पहिल्याच मोसमातला पोरगा.

आजीबाई म्हणाल्या, “आमच्याकडे बाहेर बर्फ साचलेला. दिवाणखान्यात नवरा, दीर, दोघं मुलं, आणि मी इस्त्रीचं टेबल टीव्हीपुढे ओढून बसलेली. पहिल्या पंधरा मिनिटांत मायामी १७, आम्ही शून्य. एका शर्टाची कॉलर मी जाळली.”

त्या कोसारनं असे काही चेंडू फेकले, की नेब्रास्काची मंडळी बघतच राहिली. शेवटी ऑस्बोर्नसाहेबांनी पोतडीतून एक चावट युक्ती काढली. गिलनं चेंडू हातात घेतल्यासारखं केलं आणि मुद्दाम जमिनीवरच ठेवून एका बाजूला पळाला. सगळी मायामी त्याच्यामागे! इकडे तो आडदांड स्टाइनकुलर, ज्याचं काम एरवी फक्त वाट अडवायचं, त्यानं गुपचूप चेंडू उचलला आणि दुसऱ्या बाजूनं एकोणीस यार्ड धावत जाऊन टचडाऊन केला. लपाछपीत लहान मुलं करतात तसली लबाडी! मी हसले तर नात दचकली. मध्यंतराला १७-१४. नंतर १७-१७.

पण मायामीनं पुन्हा दोन टचडाऊन ठोकले. ३१-१७. त्यातच रोझियरचा घोटा दुखावला आणि तो बाहेर बसला. त्याच्या जागी आला जेफ स्मिथ, राखीव खेळाडू. ज्याचं नाव कुणी घेत नव्हतं, त्या पोरावर सगळा भार. चौथ्या पावकात त्यानं एक टचडाऊन केला. लाथेचा एक गुणही मिळाला. ३१-२४.

एक मिनिट सत्तेचाळीस सेकंद उरले असताना मायामीनं लांबून मारलेली लाथ हुकली. चेंडू नेब्रास्काकडे, जायचं चौऱ्याहत्तर यार्ड. गिलनं एकेक पाऊल पुढे नेलं. फ्रायर अगदी रेषेपलीकडे एकटा उभा, चेंडू सरळ त्याच्या हातात… आणि निसटला. देशातला सर्वांत भरवशाचा झेलणारा! आमचे हे खुर्चीतून उठून उभे राहिले. चौथी संधी, शेवटची. आठ यार्ड हवेत, रेषा चोवीस यार्डांवर. गिल उजवीकडे पळाला, अंगावर माणसं आली तेव्हा चेंडू स्मिथकडे टाकला, आणि स्मिथ कोपऱ्यातून थेट रेषेपार. ३१-३०. अठ्ठेचाळीस सेकंद शिल्लक.

एक की दोन?

एक गुण घेतला तर ३१-३१, बरोबरी. जादा वेळाचा नियम तेव्हा नव्हता, तो १९९६ च्या मोसमापासून नेहमीच्या सामन्यांना लागू झाला. म्हणजे सामना बरोबरीत सुटणार. पण त्याच दुपारी दुसऱ्या क्रमांकावरचा, नेब्रास्काखेरीज एकमेव अपराजित असलेला टेक्सास संघ जॉर्जियाकडून १०-९ असा हरला होता. बरोबरीतही नेब्रास्का एकटाच न हरलेला संघ उरत होता. मतं त्यांनाच पडणार हे जवळजवळ ठरलेलं. अकरा वर्षांची वाट आणि मध्ये फक्त एक सोपी लाथ.

ऑस्बोर्ननी क्षणभरही घोळ घातला नाही. दोन!

गिल उजवीकडे सरकला, स्मिथकडे चेंडू फेकला. मधे मायामीचा केनी कॅलहून झेपावला, त्याची बोटं चेंडूला लागली. तेवढीच. चेंडू स्मिथच्या हातात न बसता खाली पडला. ३१-३०. मायामी देशात पहिली, नेब्रास्का दुसरी.

खोलीत कुणी बोलेना. मग आमच्या ह्यांनी तोंड उघडलं. “हा शुद्ध मूर्खपणा आहे. हाताशी आलेलं सोडून…” हे निवृत्त बँकेतले, तेव्हा त्यांचं गणित मला पाठ आहे. जावईबापू म्हणाले, “नाही बाबा, तिथं बरोबरी घेतली असती तर आयुष्यभर लोकांनी म्हटलं असतं, भिऊन जिंकले.” ऑस्बोर्न स्वतःही नंतर साधारण हेच सांगत आले, की बरोबरी करून मिळवलेल्या पहिल्या नंबरानं माझ्या मुलांचं समाधान झालं नसतं, आम्ही जिंकायला आलो होतो.

मला मात्र एक प्रश्न सतावत होता. तुमचं तत्त्व ठीक आहे हो, पण शंभरएक पोरांच्या वर्षभराच्या घामाचं काय? तत्त्व एकाचं आणि किंमत सगळ्यांनी द्यायची, हे घराघरातून आपण बघतोच. एखादा गृहस्थ बाणेदारपणे नोकरीवर लाथ मारतो, चार लोक वाहवा करतात, आणि महिनाअखेरीला वाण्याचं बिल कुणी भागवायचं ते बायको बघते. मी आजीबाईंना विचारलं, “तुम्हाला त्या वेळी काय वाटलं? खरं सांगा.”

त्या हसल्या. म्हणाल्या, “आज या राज्यात कुणालाही विचारा, तो सांगेल बरोबर केलं. सगळे म्हणतील, मला तेव्हाच तसं वाटलं होतं. मी त्या रात्री इस्त्री हातात धरून ओरडले होते, ‘एकच घ्या! एकच घ्या!’ माझे यजमान माझ्याशी सकाळपर्यंत बोलले नाहीत. हरल्याचं दुःख नव्हतं त्यांना. मी ‘एक घ्या’ म्हटलं म्हणून राग.”

“मग आता?”

“आता यजमानांना जाऊन सहा वर्षं झाली. दर वर्षी दोन जानेवारीला आमचं हे भांडण व्हायचं. त्यांनी कधी माघार घेतली नाही, मीही नाही.” आणि थोडं थांबून म्हणाल्या, “पण एक सांगते. दुसऱ्या दिवशी माझी दोन्ही मुलं उठली ती मान वर करूनच शाळेत गेली. ते मला आधी कळलं नव्हतं.”

मी अजूनही पूर्णपणे पटवून घेतलेलं नाही. पण पोरांच्या बाजूनं जे सांगतात ते असं, की मैदानावर उभ्या असलेल्या कुणाच्याही मनात लाथेचा विचार नव्हता. दोनच घ्यायचे, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं. तसं असेल तर माझा अर्धा आक्षेप गळून पडतो. अर्धा राहतो तो राहू द्या.

पुढची हकिगत थोडक्यात सांगते. फ्रायरच्या हातून तो चेंडू सुटला खरा, पण काही महिन्यांनी व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडले तेव्हा देशात पहिली निवड त्याचीच झाली, आणि तो सतरा मोसम खेळला. ऑस्बोर्नना मात्र आणखी अकरा वर्षं तिष्ठावं लागलं. १ जानेवारी १९९४ ला तर, त्याच ऑरेंज बोलमध्ये, शेवटच्या सेकंदाला मारलेली लाथ हुकली आणि फ्लोरिडा स्टेटकडून १८-१६ अशी हार झाली. बघा, या खेपेला लाथच मारायची होती, तीही दगा देऊन गेली!

आणि मग बरोबर एका वर्षानं, १ जानेवारी १९९५ ला, त्याच मायामी शहरात, त्याच मैदानावर, समोर पुन्हा तोच मायामीचा संघ. चौथ्या पावकात १७-९ असे मागे पडलेले नेब्रास्कावाले २४-१७ असे जिंकले. देशात पहिले! त्या रात्री ऑस्बोर्नच्या हाताखालचा एक प्रशिक्षक होता टर्नर गिल, त्या दिवशी शेवटचा चेंडू फेकलेला. पुढे १९९५ आणि १९९७ मध्येही मान मिळाला आणि ऑस्बोर्न निवृत्त झाले, २५५ विजय पदरी घेऊन. नंतर ते अमेरिकेच्या संसदेतही निवडून गेले. त्यांनी आणि पत्नी नॅन्सीबाईंनी १९९१ मध्ये शाळकरी मुलांना वडीलधाऱ्यांची सोबत मिळावी म्हणून एक संस्था काढली होती, ते काम वाढतच गेलं. गिल पुढे दुसऱ्या विद्यापीठांचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि २०१८ च्या अखेरीस, पत्नीच्या आजारपणात तिला वेळ देता यावा म्हणून, खेळातून बाहेर पडला. हे ऐकल्यावर आमच्या ह्यांच्याकडे मी एकदा नुसतं पाहिलं.

आजीबाईंना मात्र या सगळ्यापेक्षा एका वेगळ्याच दिवसाचा जास्त अभिमान. ३० ऑगस्ट २०२३ ला त्याच फुटबॉलच्या मैदानावर जाळं बांधून विद्यापीठाच्या मुलींचा व्हॉलीबॉलचा सामना ठेवला होता. बघायला ९२,००३ माणसं! “त्यातली एक मी,” त्या म्हणाल्या. “नव्वद हजारांवर लोक मुलींचा खेळ बघायला. आमचे यजमान असते तर त्यांना तिथं नेऊन बसवलं असतं.”

आम्ही निघालो त्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या. नातीसाठी लोकरीचं टोपडं विणलेलं, लाल भडक, पुढे पांढऱ्या लोकरीनं ‘एन’ अक्षर. मी त्यांना उरलेले डिंकाचे लाडू दिले आणि कृती लेकीकडून लिहून घ्या म्हटलं. आमचे हे त्यांना निरोप देताना दारात म्हणाले, “मी असतो तर एकच घेतला असता.”

“मीसुद्धा,” आजीबाई म्हणाल्या, “पण हे माझ्या मुलांना सांगू नका.”